हजेरीपटावरचे नाव आणि दारातले माणूस

(अहिल्यानगर येथे महसूल व पंचायत विभागांचे कर्मचारी, प्राथमिक शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मला नेमून दिलेला विषय ‘शासकीय अनुदान योजना आणि बोगस लाभार्थींचा शोध’ असा आहे. हा विषय महसूल खात्यातील जाणत्या अधिकाऱ्याऐवजी माहिती खात्याच्या माणसाकडे का आला, याचा मी थोडा विचार केला. माझे काम बातमी देण्याचे. योजना जाहीर झाली की तिची बातमी मी देतो, अनुदानाचे वाटप झाले की त्याची देतो, आणि काही वर्षांनी त्याच यादीतून नावे वगळली गेली की तीही बातमी माझ्याच टेबलावरून जाते. एका योजनेचे हे तिन्ही प्रसंग ज्याच्या हातून लिहिले जातात, त्याला काही गोष्टी दिसू लागतात. त्या आपल्यापुढे ठेवाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम ‘बोगस’ या शब्दाविषयी. हा शब्द इंग्रजीतून आला खरा. पण आपल्या ग्रामीण भागात तो इतका रुळला आहे की बोगस बियाणे, बोगस डॉक्टर, बोगस हजेरी म्हटल्यावर कोणालाही अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालो. आमच्या प्राध्यापकांना हा शब्द रुचला नसता. ‘बनावट लिहा’ असे त्यांनी लाल शाईने सुचविले असते. त्या वेळी मला हा सोवळेपणा वाटला असता. आता त्यात तथ्य दिसते. बनावट म्हटले की ती वस्तू बनविणारा कोणीतरी आहे हे लक्षात येते. बोगस म्हटले की तो बनविणारा दिसेनासा होतो आणि सारा दोष ज्याचे नाव यादीत सापडले त्याच्या माथी बसतो. शोध घेताना हा फरक विसरता कामा नये.

या विषयाचा आपल्या राज्यातील खरा इतिहास रोजगार हमी योजनेपासून सुरू होतो, आणि अवर्षणप्रवण अशा आपल्या जिल्ह्याने तो जवळून पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. १९७३ च्या मे महिन्यात या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते आणि खडी फोडणे अशी ती कामे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमीची कल्पना पुढे कायद्यात उतरली. १९७७ मध्ये अधिनियम संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, हे वचन एखाद्या राज्याने कायद्याने द्यावे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला, तो १९७५ पासून. शहराने कर भरावा आणि खेड्याने काम करावे, अशी ही रचना होती.

या योजनेत खोटेपणा शिरला तो हजेरीपटातून. मृत माणसाचे नाव, मुंबईला गिरणीत गेलेल्याचे नाव, शाळेतल्या पोराचे नाव. आणि सगळ्यांपुढे एकाच माणसाच्या अंगठ्याचे ठसे. कोठे काम झालेच नाही आणि पैसे मात्र वाटले गेले. विहीर कागदावर खोदली गेली आणि नंतर ‘चोरीला गेली’, ही गोष्ट २००७ साली ‘जाऊ तिथं खाऊ’ या चित्रपटात प्रेक्षकांनी हसत हसत पाहिली. पडद्यावर ती विनोदी दिसते. ज्या गावात विहीर नाही त्या गावातल्या बाईला घागर घेऊन चालावे लागते, हे त्या हसण्यात बुडून जाते.

तथापि रोजगार हमीच्या त्या जुन्या पद्धतीत खोटेपणा पकडण्याचे एक साधन अंगभूतच होते, आणि ते फार साधे होते. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरत असे. किती लांब, किती रुंद, किती खोल खणले, हे मोजमाप पुस्तिकेत लिहावे लागे. हजेरीपटावर माणसे वाढविली की जमिनीतला खड्डाही तेवढा मोठा दाखवावा लागे, आणि खड्डा कोणालाही टेप लावून मोजता येतो. शिवाय मजुरांची मागणी पाहणारी महसूल यंत्रणा वेगळी आणि काम करवून घेणारे बांधकाम, पाटबंधारे, वन हे विभाग वेगळे. दोन हातांनी लिहिलेले दोन कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, ही त्यातील योजना. दोन्ही हात एक झाले तेव्हा अर्थातच ती फसली. पण अशा वेळीही ती बहुधा गावातूनच उघडकीस आली. कारण कोण कामावर होते आणि कोण नव्हते, हे गावाला ठाऊक असते.

केवळ हा कागद गावाला पाहावयास मिळत नव्हता. तो मिळावा म्हणून जी चळवळ झाली तिचे एक ठाणे आपल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी होते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. राज्याचा माहितीच्या अधिकाराचा सुधारित कायदा २००२ चा. केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलात आला. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आपला जिल्हा होता. त्या कायद्याने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे ग्रामसभेपुढे कामाचा आणि खर्चाचा जाहीर पडताळा, बंधनकारक केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला आहे.

मधल्या काळात हजेरीपट मोबाईलमध्ये गेला. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची दिवसातून दोन वेळा छायाचित्रासह हजेरी घेणे सक्तीचे झाले. आता खोट्या हजेरीला जागा उरली नाही, असे आम्हीही लिहिले. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जात आहेत, जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र घेतले जात आहे, छायाचित्रातली माणसे आणि हजेरीतली संख्या जुळत नाही, स्त्रियांच्या नावापुढे पुरुष उभे आहेत. एका अंगठ्याने साऱ्या हजेरीपटावर ठसे उमटविणारा जुना मुकादम हे वाचून नक्कीच हसला असता.

रोजगार हमीत निदान खड्डा तरी मोजता येत होता. निराधारपणा कशाने मोजणार? १९८० मध्ये राज्याने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले अशांसाठी ती आहे, आणि ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. येथे जमिनीत काहीच खणले जात नाही. सारी भिस्त दाखल्यांवर. उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र. चौकशी करणारे तलाठी भाऊसाहेब. (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, गावाच्या तोंडी मात्र ते भाऊसाहेबच आहेत.) उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. या महागाईत केवळ एवढ्या रकमेत कोणते कुटुंब खरोखर जगते, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल. माझ्याही येतो. मर्यादा जेव्हा वास्तवापासून इतकी दूर जाते, तेव्हा खरा गरजूही थोडे खोटे लिहून मगच रांगेत उभा राहतो. आणि एकदा सर्वांनीच थोडे खोटे लिहिले की मोठे खोटे लिहिणारा त्या गर्दीत सुखाने दडतो.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचा प्रश्न २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात बराच गाजला. त्यातील प्रकरणे न्यायालयापुढे असल्याने त्यांविषयी मी बोलणार नाही. एवढेच म्हणतो की खोटे प्रमाणपत्र कोणी एकटा मिळवीत नाही. अर्जदाराच्या मागे अर्ज भरून देणारा असतो, त्याच्या मागे सही आणून देणारा असतो आणि शेवटी सही करणारा असतो. आपल्या तपासण्या मात्र बहुधा पहिल्या माणसापाशी थांबतात, कारण तोच सर्वांत सहज सापडतो.

आता बँक खात्यावर थेट पैसे जमा होण्याचा काळ आला आहे, आणि याद्या एकमेकींशी ताडून पाहणे यंत्राला सोपे झाले आहे. याचा लाभ मी नाकारीत नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. आयकर भरणाऱ्यांची नावे त्यांत निघाली ती दोन याद्या शेजारी ठेवल्यामुळे, आणि तहसील कार्यालयांनी वसुलीच्या नोटिसा काढल्या. त्याच योजनेत फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्याचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला, तो लाभार्थींच्या प्रत्यक्ष पडताळणीच्या कामासाठी. प्रत्यक्ष पडताळणी म्हणजे कोणीतरी बांधावर गेले, सातबारा आणि माणूस दोन्ही पाहिले. १७,०४८ चौरस किलोमीटरच्या, राज्यातील सर्वांत विस्तीर्ण जिल्ह्यात हे काम किती पायपिटीचे आहे, ते समोर बसलेल्या कृषी सहायकांना मी काय सांगावे!

२०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, दरमहा १,५०० रुपये. अर्ज इतक्या घाईने स्वीकारले गेले की छाननी नंतरवर राहिली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केले की सुमारे २६.३४ लाख लाभार्थी प्रथमदर्शनी अपात्र दिसत असून जून २०२५ पासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केला आहे. काहींनी दोन योजनांचा लाभ घेतला होता, काही कुटुंबांत दोनांहून अधिक नावे होती, काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केले होते. पुरुषांच्या अर्जांची बातमी सर्वत्र झळकली. त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होते, ते मात्र फारसे कोणी छापले नाही. या नावांची जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि ज्या पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असे ते वाक्य होते.

पुढे सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सुरू झाली. लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यावयाचा आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा अंक टाकावयाचा. उत्पन्न कुटुंबाचे तपासावयाचे असल्याने हे कागदावर सयुक्तिक होते. परंतु जिचा पतीही नाही आणि वडीलही नाहीत, तिने तो अंक कोठून आणावा? जी सर्वांत निराधार, तिचाच अर्ज यंत्रापुढे अडला. ही अडचण शासनाच्या ध्यानात आली, मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली आणि अशा भगिनींसाठी मृत्यूचा दाखला अथवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. मधले दोन महिने त्या भगिनींनी सेवा केंद्रांच्या दारात काढले. अकोल्याच्या घाटमाथ्याकडील वाड्यांवर तर मोबाईलची रेंज शोधण्यासाठी आधी टेकाड चढावे लागते.

आता मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगण्यासाठीच खरे तर मी हे व्याख्यान स्वीकारले.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील हा प्रसंग. एका तालुक्यात निराधार योजनेच्या लाभार्थींची पडताळणी झाली आणि बरीच नावे वगळली गेली. बातमी मी लिहिली. मथळा मीच दिला होता, आणि त्यात ‘बोगस’ हा शब्द होता. वृत्तपत्रांनी ती पहिल्या पानावर घेतली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पाडव्यानंतर त्याच भागात दुसऱ्या कामाने गेलो असता चावडीपाशी एक वृद्धा भाऊसाहेबांशी बोलत उभी होती. पासबुक तिच्या हातात होते.

“भाऊसाहेब, चार महिने झाले, पैसे न्हाई आले.”

“आजी, तुमचं नाव कमी झालंय. तपासणीला तुम्ही घरी नव्हत्या. शेजाऱ्यांनी सांगितलं, इथं राहत नाहीत.”

“आवो, पोरगा-सून कोयत्यावर गेली व्हती. कोपीवर नातवाला कोण धरणार? म्या गेले संगट. आता आले की माघारी. ही काय हितं उभी हाये!”

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि नव्याने अर्ज करावयास सांगितले. नवा अर्ज, नवे दाखले, पुन्हा समितीची बैठक. मी तेथे कोण म्हणून उभा आहे हे त्या आजींना ठाऊक नव्हते, आणि मीही सांगितले नाही. आपले नाव वर्तमानपत्रातल्या कोणत्या आकड्यात गेले, हे त्यांना कधी कळले नसेल.

त्यानंतर मी चौकशी केली. वगळलेल्या नावांत मृत होते, गाव सोडून गेलेले होते, बरी शेती असलेलेही होते. ती नावे वगळली हे योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर अशीही काही होती, जी तपासणीच्या दिवशी केवळ घरी नव्हती. दोहोंना माझ्या बातमीत एकच विशेषण मिळाले. दुरुस्तीचा मजकूर मी पाठविला. तो छापून आला नाही. शिळ्या बातमीची दुरुस्ती कोण छापणार?

मित्रहो, यातील दोष एका भाऊसाहेबांचा नाही. दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव या भागातील कितीतरी घरांना कुलूप लागते. टोळ्या कारखान्यांच्या तळावर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. आणि हयातीचे दाखले, वार्षिक पडताळणी ही आपली कामे नेमकी मार्चअखेरपूर्वीच्या त्याच महिन्यांत येतात. माणसे नसताना माणसे मोजावयाची आणि सापडली नाहीत म्हणून खोटी ठरवावयाची, असे आपल्या हातून नकळत घडते. २०२२ मध्ये हरियाणातील रोहतक येथे १०२ वर्षांच्या एका गृहस्थांचे निवृत्तिवेतन त्यांना मृत ठरवून बंद झाले, तेव्हा त्यांनी रथात बसून वाजतगाजत आपली वरात काढली आणि आपण जिवंत असल्याचे जाहीर केले. त्यांना ते साधले. कोपीवरून आलेल्या आजींनी वाजंत्री कोठून आणावी?

पुढारलेल्या देशांतही हे घडते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या तपासणीत कागदांतील किरकोळ उणिवांवरून हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरविण्यात आले आणि दिलेली सारी रक्कम परत मागण्यात आली. घरे विकली गेली, संसार मोडले. चूक सिद्ध झाली तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये तेथील पंतप्रधान मार्क रुटे यांच्या संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तेथे यंत्रे आपल्यापेक्षा चांगली होती. आपले म्हणणे ऐकून घेणारा माणूस मात्र त्या पालकांना वेळेवर भेटला नाही.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. त्यांतील पुष्कळशा नियमांत आहेतच.

नाव वगळण्यापूर्वी ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि आधी काही दिवस ती पंचायतीच्या व शाळेच्या फलकावर असावी. शाळेच्या असे मुद्दाम म्हणतो, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांची नातवंडे तेथे येतात. गुरुजींच्या आणि बाईंच्या हजेरीपुस्तकात आणखीही एक गोष्ट असते. कोणते मूल दिवाळीपासून आले नाही आणि कोणत्या कारखान्याच्या तळावर गेले, हे त्यांना ठाऊक असते. ‘कुटुंब स्थलांतरित, ऊसतोडीसाठी’ एवढी नोंद शिक्षकाने तलाठ्याला दिली तर कितीतरी आजी यादीत टिकतील. तसेच मतदार यादीतील, रेशनच्या यादीतील आणि मृत्यूच्या नोंदवहीतील नाव जुळते का, हे ग्रामपंचायतीत बसून एका दुपारी पाहता येते. खरोखर मृत असलेल्यांची नावे त्यातूनच निघतील, त्यासाठी कोणाला बोगस म्हणण्याची गरज नाही.

पंचायत सदस्यांना एक नाजूक गोष्ट सांगतो. ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा गाव गप्प बसते. कोणाचे नाव खोटे आहे हे माहीत असूनही भावकीपायी, निवडणुकीपायी कोणी बोलत नाही. आणि कोणाचे नाव अन्यायाने वगळले जात आहे हे माहीत असूनही बोलत नाही, कारण तो दुसऱ्या गटाचा असतो. ही अडचण खरी आहे आणि कोणत्याही परिपत्रकाने ती दूर होणार नाही. महिलांची स्वतंत्र ग्रामसभा नियमित ग्रामसभेपूर्वी घ्यावयाची असते. माझा अनुभव असा की विधवा कोण, टाकलेली कोण, आणि नवरा घरात असताना परित्यक्ता म्हणून कोणी अर्ज केला, हे तेथे अधिक मोकळेपणाने बोलले जाते. ती सभा कागदावर उरकू नका.

नाव वगळलेच तर कारण लेखी द्यावे, आणि दाद कोणाकडे मागावयाची त्या अधिकाऱ्याचे पदनाम त्याच कागदावर असावे. ‘अपात्र’ हा एक शब्द पुरेसा नाही.

आणि शेवटी तारखांविषयी. आपल्याकडे ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होतात. यांपैकी २६ जानेवारीला ऊसतोडीची घरे गावात नसतात. १ मे रोजी ती परत आलेली असतात आणि २ ऑक्टोबरला बहुधा अजून निघालेली नसतात, जरी २०२५ साली दसरा नेमका २ ऑक्टोबरलाच आला होता. तेव्हा लाभार्थींच्या यादीचे वाचन १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन सभांत ठेवावे, आणि २६ जानेवारीच्या सभेत वाचलेल्या यादीवरून कोणाचेही नाव लगेच कमी करू नये, असे मी सुचवितो. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी विषयपत्रिकेत एक ओळ घातली की पुरे.

वगळलेल्या नावांचे आकडे माझ्या कार्यालयाकडे आपोआप येतात. तपासणीनंतर पुन्हा घातलेल्या नावांचे कोणीही पाठवीत नाही. आपल्या गावात असे एकही नाव पुन्हा लागले तर जिल्हा माहिती कार्यालयाच्या पत्त्यावर चार ओळी लिहून कळवा. साधे पोस्टकार्डही चालेल. मथळा मी देईन.